‘हे’ कुठे गेले?

आपटा म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे ते डीडीएलजेवालं स्टेशन ना?" हो, तेच. पनवेल-रोहा मार्गावरचं, दिवा-रोहा मेमू जिथे क्षणभर थांबते ते. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये ते पंजाबातलं स्टेशन झालं आणि शेवटचा सीन तिथे घडला. गाडी सुटली आहे, राज दारात उभा आहे, सिमरनचं मनगट बापाच्या मुठीत आहे. ती सोडा म्हणून विनवतेय आणि अमरीश पुरी काही बोलत नाही. नुसता बघतो. त्यानंतरचा संवाद मीम झाला, टी-शर्टांवर गेला. पण सीन खरा घडतो तो त्याच्या आधी, तो माणूस गप्प असतो तेव्हा.

आता समजा हा सीन कोणी पॉज कापणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला. बाप लगेच हात सोडतो, मुलगी गाडीत, खेळ खलास. तेवढाच वेळ वाचला.

हा विनोद करायचा मला खरं तर अधिकार नाही. कारण गेल्या पावसाळ्यात त्याच स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या घरात मी साधारण हेच करून बसले.

मी पॉडकास्ट एडिट करते. दुसऱ्यांचे, पैसे घेऊन. काम सोपं आहे असं सांगितलं जातं: 'अं' काढायचे, 'म्हणजे म्हणजे' काढायचं, पाहुणा पाणी पितो ते काढायचं, लांबलेले पॉज अर्ध्या सेकंदावर आणायचे. दोन तासांचं रेकॉर्डिंग आलं तर सव्वा तासाचं करून द्यायचं. हल्ली ह्यातलं बरंच काम मशीन करतं. आवाजाची पातळी ठरावीक रेषेखाली गेली की ती शांतता समजायची आणि ती किती सेकंदांवर आणून ठेवायची ते आपण आकडा टाकून सांगायचं. शब्दांसाठी ट्रान्सक्रिप्ट असतं. त्यातला शब्द खोडला की आवाजातूनही तो जातो. वर्डची फाइल साफ करावी तसं माणसाचं बोलणं साफ होतं. मला ते करायला आवडायचं. वेव्हफॉर्ममधली भगदाडं भरून सगळं एकसंध दिसायला लागलं की भांडी घासून पालथी घातल्यासारखं वाटतं.

माझी आत्या आपट्याला राहते. वय बहात्तर. तिचं सासर सुधागड तालुक्यातलं जांभूळपाडा, अंबा नदीच्या काठचं. जुलै १९८९ मध्ये एका रात्री अंबेला पूर आला आणि गाव पाण्यात गेलं. आत्या त्यानंतर काही महिन्यांनी माहेरी आली ती आपट्यालाच राहिली. लहानपणापासून एवढंच माहीत होतं. घरात कोणी तिला त्या रात्रीबद्दल विचारत नसे आणि तीही बोलत नसे. मागच्या वर्षी मी स्वतःचा एक छोटा पॉडकास्ट सुरू करायचं ठरवलं, तेव्हा तीच म्हणाली, "माझं घे. आता सांगते." मी माइक घेऊन गेले. एक तास पन्नास मिनिटं बोलली.

पनवेलला परत येऊन मी नेहमीच्या सवयीने फाइल साफ केली. पॉज अर्ध्या सेकंदावर, दुबार आलेले शब्द एकदाच, फिलर बाहेर. मग आत्याला ऐकवायला नेली. ती फोन कानाला लावून ऐकते, स्पीकर तिला पटत नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "छान झालंय गं. आवाज अगदी स्वच्छ आहे." मग जरा वेळाने, "पण ह्यात हे कुठे आहेत?"

मी विचारलं, "हे म्हणजे काय?"

आत्याच्या पिढीतल्या बऱ्याच बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला माहीत होतं. 'आमचे हे', 'ह्यांनी सांगितलं', 'हे घरी नाहीत'. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. घरी येऊन मूळ फाइल उघडली. तिथे असं होतं: "गोठ्यात पाणी शिरलं होतं. दावी सोडायला पाहिजेत म्हणून बॅटरी घेतली आणि हे… हे… म्हणजे…" मग चौदा सेकंद काही नाही. मग, "मग उजाडलं."

मी केलेल्या फाइलमध्ये होतं: "गोठ्यात पाणी शिरलं होतं. दावी सोडायला पाहिजेत म्हणून बॅटरी घेतली आणि मग उजाडलं."

व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष वाक्य. मूळ वाक्यापेक्षा चांगलंच. फक्त त्यात माझे काका गोठ्याकडे गेले नाहीत, आणि परत आले नाहीत असंही झालं नाही. 'हे… हे…' मी ट्रान्सक्रिप्टमध्ये फिलर समजून स्वतःच्या हाताने खोडलं होतं. त्यामुळे हे मशीनवर ढकलता येत नाही.

तेव्हापासून मी ह्या प्रश्नावर अडकले आहे. 'अं' काढावे की ठेवावे हा प्रश्न साध्या आवडीनिवडीचा समजला जातो. कोणाला कडक चहा आवडतो, कोणाला दुधाळ. मला वाटतं तो वाचनाचा प्रश्न आहे. एडिटर ऐकतो ते काय म्हणून ऐकतो, हा.

आपण 'फिलर' हा शब्द इंग्रजीतून घेतला आणि त्याच्याबरोबर समजूतही घेतली: हा भरणा आहे, पोकळी बुजवण्यापुरता. मराठीत अशी यादी करून बघा. 'अं' ठीक आहे. पण 'म्हणजे'चं काय करणार? "म्हणजे तू येणार नाहीस?" ह्या वाक्यात सगळी दुखावलेली माया त्या पहिल्या शब्दात आहे. "आला म्हणजे सांग" इथे ते काळ दाखवतं. "म्हणजे… मी नाही म्हणत नाही" इथे बोलणारा दोन पावलं मागे सरतोय. 'ना' काढा आणि 'ये ना'चं 'ये' होऊ द्या, बघा घरात काय होतं ते. "आपलं सहज आले होते" म्हणणारी बाई सहज आलेली नसते, ते त्या 'आपलं'वरूनच कळतं. आणि 'हे' तर सांगितलंच. एकच शब्द एका ठिकाणी अडखळणं आहे, दुसऱ्या ठिकाणी सर्वनाम आणि तिसऱ्या ठिकाणी नवरा. कोणत्याही यादीला हे कळणार नाही, कारण ते शब्दात नाही, शब्द कुठे पडला आहे त्यात आहे.

ह्यावर अभ्यासही झाला आहे. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री ह्या दोघांनी २००२ मध्ये इंग्रजीतल्या 'अह' आणि 'अम'वर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, हे आवाज चुकून निसटत नाहीत, ते शब्दच आहेत. पुढे छोटा खोळंबा असेल तर माणूस एक वापरतो, मोठा असेल तर दुसरा. म्हणजे बोलणारा ऐकणाऱ्याला आधीच कळवतो: थांब, मी शोधतोय, अजून माझी पाळी संपलेली नाही. मग २००९ मध्ये तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांतल्या गप्पा मोजल्या. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघालं. आपण इतक्या पटकन उत्तरं देतो. त्यामुळे अर्धा सेकंद थांबणं हीसुद्धा गप्पांमध्ये घटना असते. ऐकणाऱ्याला ती लागते, त्याला ते सांगता येत नसलं तरी.

एक उदाहरण देते. कामातलंच आहे, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पाहुण्या बाईंना विचारलं, "लग्नाला घरच्यांची संमती होती?" बाई दीड सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, "हो." मी तो दीड सेकंद काढला. आता प्रश्न, लगेच 'हो'. मी त्यांच्या तोंडी एक शब्दही घातला नाही. तरी त्यांनी दिलेलं उत्तर बदललं.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' तुम्ही पाहिलं किंवा वाचलं असेल. १९६७ मध्ये 'रंगायन'ने केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे, बेणारेबाई झाल्या होत्या सुलभा देशपांडे. शेवटाकडे खोटं कोर्ट बेणारेला स्वतःच्या बाजूने बोलायला दहा सेकंद देतं. ती बोलत नाही. म्हणजे कोर्टाच्या लेखी बोलत नाही. प्रकाश बदलतो, बाकीचे थिजतात आणि ती प्रेक्षकांशी पानंच्या पानं बोलते. मग प्रकाश पूर्ववत, वेळ संपली, आरोपीला काही सांगायचं नाही अशी नोंद. इतकं लांब स्वगत तेंडुलकरांनी दहा सेकंदांच्या गप्प बसण्याच्या आत ठेवलं. मी कॉलेजात हे नाटक वाचताना ती रंगमंचाची युक्ती समजले होते. आत्याची फाइल उघडून बसले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, तेंडुलकर इथे युक्ती करत नव्हते, मोजमाप देत होते. एरवीही त्यांचे संवाद टिंबांनी भरलेले असतात, माणसं वाक्य अर्ध्यावर सोडतात. ती टिंबं काढून नाटक छापायचं कोणा प्रकाशकाच्या मनात आलं नसतं. ऑडिओत आपण ते रोज करतो.

पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाच्या रेकॉर्डिंगची गोष्ट वेगळी, तरी जवळची. 'अंतू बर्वा' ज्यांना पाठ आहे त्यांना फक्त शब्द पाठ नसतात, कुठे किती थांबायचं तेही पाठ असतं. गाडीत कोणी म्हणून दाखवताना एखादी जागा घाईत ओलांडली की दुसरा म्हणतो, "अरे थांब जरा." अर्थात तो पॉज कलावंताचा आहे, बसवलेला. तो कोणी कापत नाही, कारण त्यावर हशा येतो. आत्याच्या पॉजवर हशा येत नाही, म्हणून तो रिकामा दिसतो. नाव असलेल्या माणसाचं थांबणं ते टायमिंग आणि नाव नसलेल्याचं थांबणं तो डेड एअर, असं आपण वागतो, हे मला माझ्याच कामातून दिसलं.

जात्यावरच्या ओव्यांचंही असंच झालं होतं. बाई जात्यावर गाते तेव्हा ओळीत मध्येच 'गं बाई' घालते, अर्धी ओळ दोनदा म्हणते, दळण ओढायचा जोर जिथे लागतो तिथे आवाज लांबवते. छापील संग्रहात बहुतेकदा ह्यातलं काही उरत नाही, दोन ओळी नीट बसवलेल्या मिळतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ ह्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्या आता 'पारी'च्या संकेतस्थळावर आहेत, एक लाखाहून जास्त. त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रणही आहे. आधी ओवी वाचा, मग ऐका. कागदावर ती कविता असते, ऐकताना ती काम करणारी बाई असते. दोन्ही हवंय मला. पण पहिलं हे दुसऱ्याची सुधारलेली आवृत्ती आहे असं आता म्हणवत नाही.

इथे दुसऱ्या बाजूचं ऐकायला हवं, कारण मी अजूनही त्याच धंद्यात आहे. श्रोता लोकलमध्ये उभा आहे, एक इयरबड कानात, दीडपट वेगाने ऐकतोय. त्याला यजमानाचे 'बेसिकली' आणि 'ॲक्च्युअली' मोजायला लावणं हा अत्याचार आहे. बरेच मराठी पॉडकास्ट हल्ली दोन-दोन तास चालतात. 'जशा गप्पा तशा टाकल्या' असं अभिमानाने सांगतात तेव्हा मला त्यात प्रामाणिकपणापेक्षा आळस जास्त दिसतो. आत्याच्या रेकॉर्डिंगमधली वीस मिनिटं रेशनकार्डावरच्या नावाच्या घोळाची होती. ती मी तेव्हाही काढली, आताही काढली आहेत आणि मला त्याचं काही वाटत नाही. एडिट करणं म्हणजे खोटं करणं, असं मी म्हणत नाहीये. निवड करणं वेगळं. माझी तक्रार वाक्याच्या आत शिरून माणसाचा श्वास बदलण्याबद्दल आहे.

आणि पॉज राखण्यातही खोटेपणा होतो. रील्स बघा. पाहुण्याचा आवाज भरून येतो, तो थांबतो, आणि एडिटर तो पॉज राखतोच, वर खाली पियानो घालतो. बाकीच्या तासाभरातले सगळे पॉज कापलेले असतात, नेमका हा एक राहतो, कारण तो शेअर होणार. मला कापण्यापेक्षा ह्याची जास्त शिसारी येते.

बोलीचा मुद्दा ह्याहून महत्त्वाचा, तो मला उशिरा कळला. पनवेल, उरण, पेण ह्या पट्ट्यातली आगरी बोलणारी माणसं माइकसमोर बसली की अडखळतात. घरी धडाधडा बोलणारा माणूस इथे दर वाक्याला थांबतो. तो आठवत नसतो. तो भाषांतर करत असतो, घरच्या बोलीतून पुस्तकी मराठीत, कारण माइक म्हणजे शाळा असं त्याला वाटतं. त्याचे पॉज काढले की तो सफाईदार प्रमाण मराठी बोलणारा गृहस्थ होतो. तो खूश होतो, यजमान खूश होतो आणि त्याला किती कष्ट पडले त्याचा पुरावा डिलीट होतो. मी अशी डझनभर माणसं 'सुधारली' आहेत. खरा उपाय एडिटिंगच्या टेबलावर नाहीच, तो रेकॉर्डिंगच्या खोलीत आहे: त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं की काका, घरी बोलता तसंच बोला.

ऐकणाऱ्याचा आवाजही आपण काढतो, ते तर कोणाच्या लक्षातही येत नाही. गोष्ट सांगताना आजी म्हणायची, "हुंकार द्या." मुलांनी 'हूं' म्हणायचं, नाहीतर गोष्ट थांबायची. पॉडकास्टमध्ये यजमानाचा 'हं… हं…' हा पहिला बळी असतो, कारण तो पाहुण्याच्या आवाजावर चढतो. आत्याच्या फाइलमध्ये माझे हुंकार होते, ते मी वेगळ्या ट्रॅकवरून पूर्ण बंद केले होते. ऐकताना असं वाटत होतं की ती रिकाम्या खोलीत बोलतेय.

गंमत अशी की ज्या काळात आपण माणसांच्या बोलण्यातून हे सगळं उपसतोय, त्याच काळात यंत्रांच्या बोलण्यात ते भरलं जातंय. मे २०१८ मध्ये गूगलने 'ड्युप्लेक्स' दाखवलं. मशीनने पार्लरमध्ये फोन लावून अपॉइंटमेंट घेतली आणि मध्येच अगदी माणसासारखं हुंकारलं. सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. लोकांना फसवता कशाला, म्हणून नंतर टीका झाली. २०२४ मध्ये 'नोटबुकएलएम'ने कोणताही कागद दोन निवेदकांच्या गप्पांमध्ये बदलून द्यायला सुरुवात केली. ते दोघे अडखळतात, एकमेकांना 'हं' म्हणतात, मध्येच श्वास घेतात. त्यांना आठवायचं काही नाही, लपवायचं काही नाही. तरी इंजिनिअरांनी मुद्दाम अडखळणं घातलं, कारण त्याशिवाय समोर कोणी आहे असं वाटत नाही. मशीन 'अं' म्हणतं आणि माझी आत्या म्हणत नाही, अशी एक फाइल माझ्या लॅपटॉपवर अजून आहे.

आता मी काम असं करते. आधी यजमानाचे फिलर काढते, निर्दयपणे. तो पैसे देतो, त्याला पुन्हा रेकॉर्ड करता येतं, त्याने तयारी करून यायला हवं होतं. पाहुण्याच्या बाबतीत आपोआप कापणारं काहीच चालवत नाही. 'हो' आणि 'नाही'च्या आधीची जागा हात न लावता ठेवते. माणूस एखाद्याचं नाव आठवत असेल आणि चाळीस सेकंद "अरे तो, तो नाही का…" चाललं असेल तर छाटते, पण थोडं ठेवते, कारण नाव सापडल्याचा आनंद त्याशिवाय ऐकू येत नाही. शक्य असेल तेव्हा फाइल बोलणाऱ्या माणसाला आधी ऐकवते. ह्याने काम दुप्पट झालं आहे. एका क्लायंटने ह्यावरून काम काढूनही घेतलं. त्याचं म्हणणं, "तुमचं एडिट केलेलं एडिट केल्यासारखं वाटत नाही." तक्रार खरी आहे.

आत्याचा भाग मी पुन्हा केला. एक तास पन्नास मिनिटांचा एकेचाळीस मिनिटं. 'हे… हे… म्हणजे…' जागेवर आहे, पुढचे चौदा सेकंदही. त्या चौदा सेकंदांत सातव्याच्या आसपास लांबून गाडी जाते, कारण स्टेशन जवळ आहे. पहिल्या वेळी मी तो आवाजही काढला होता. आता असू दिला. लोकांना 'हे' कळावं म्हणून सुरुवातीला एक वाक्य घालू का, असं आत्याला विचारलं. म्हणाली, "ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तू मध्ये बोलू नकोस." नवी फाइल ती ऐकणार नाही म्हणाली, आणि अजून ऐकलेली नाही.

अपलोड केल्यावर दोन दिवसांनी एका मैत्रिणीचा मेसेज आला. "एकोणिसाव्या मिनिटाला फोन हँग झाला वाटलं. खिशातून काढून बघितला तर चालू होता."